पितृऋण : तीन घरांचा इतिहास

भाद्रपदाचा वद्य पक्ष आला म्हणजे घरोघर पितरांचें स्मरण होतें. पान वाढलें जातें, कावळ्याची वाट पाहिली जाते, आणि एरव्हीं वर्षभर ज्यांचा उच्चारही होत नाहीं त्या आजोबा-पणजोबांचीं नांवें गोत्रासह घेतलीं जातात. मनुष्य जन्मतःच तीन ऋणें डोक्यावर घेऊन येतो असें जुन्या शास्त्रकारांनीं मानलें : देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. देवांचें ऋण यज्ञानें, ऋषींचें अध्ययनानें आणि पितरांचें संततीनें फेडावें, अशी त्यांनीं वांटणी करून ठेविली. शास्त्राच्या दृष्टीनें ती सोयीची असेल. परंतु इतिहासांत ती सर्वत्र टिकत नाहीं. ज्या घरांत बापानेंच विद्येचा दिवा लावला, त्या घरांत ऋषीचें ऋण आणि पित्याचें ऋण हीं निराळीं कशीं काढावयाचीं?

महाराष्ट्राच्या गेल्या दोन शतकांच्या इतिहासांत अशीं घरें पुष्कळ आढळतात. त्यांपैकीं तीन घरें विशेष विचार करण्याजोगीं आहेत. एक शास्त्री-पुराणिकाचें, दुसरें सरकारी शिक्षणखात्यांतील एका मास्तराचें, आणि तिसरें लष्करांतून निवृत्त झालेल्या एका सुभेदाराचें. तिघांचा काळ निराळा, समाजांतील स्थान निराळें, घरची परिस्थितिही निराळी. परंतु तिघेही पेशानें किंवा वृत्तीनें शिक्षक होते, आणि तिघांनाही आपल्या श्रमाचें फळ डोळ्यांनीं पाहावयास मिळालें नाहीं. अनंतशास्त्री डोंगरे, गंगाधरपंत टिळक आणि रामजी सकपाळ हीं त्यांचीं नांवें. आज त्यांची ओळख मुलांच्या नांवांनीं करून द्यावी लागते : पंडिता रमाबाईंचे वडील, लोकमान्यांचे वडील, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील. अमक्याचा मुलगा म्हणून माणूस ओळखण्याची आपली रीत. या तीन घरांत ती उलटी झाली.

अनंतशास्त्री मूळचे मंगळूरच्या बाजूचे. विद्येसाठीं ते पुण्यास आले आणि रामचंद्रशास्त्री साठे यांजपाशीं शिकूं लागले. तो दुसऱ्या बाजीरावाचा काळ. साठेशास्त्री पेशव्यांच्या वाड्यांत जाऊन बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. स्त्रीच्या मुखांतून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून त्या तरुण विद्यार्थ्यास प्रथम आश्चर्य वाटलें, आणि मग त्याच्या मनानें घेतलें कीं जें वाड्यांत होतें तें आपल्या घरींही व्हावें. गांवीं परतल्यावर त्यांनीं पत्नीला शिकवून पाहिलें. परंतु घरच्या वडीलधाऱ्यांना तें मानवलें नाहीं आणि तो बेत तेथेंच राहिला.

पहिली पत्नी वारल्यानंतर पुष्कळ वर्षांनीं त्यांनीं दुसरा विवाह केला. वधू लक्ष्मीबाई ९ वर्षांच्या, आणि वर ४४ वर्षांचे. हा विवाह आज खटकतो आणि तो खटकलाच पाहिजे. परंतु त्या बालवधूला नवऱ्यानें घरीं आणून चुलीपाशीं बसविलें नाहीं, पोथीपाशीं बसविलें, ही गोष्टही तितकीच खरी आहे. बायकोला संस्कृत शिकविणारा शास्त्री म्हटल्यावर गहजब झाला. उडुपीस जमलेल्या विद्वानांपुढें त्यांना आपल्या वर्तनाचा जाब द्यावा लागला. वेद स्त्रियांना वर्ज्य, हें ते स्वतःही मानीत. परंतु काव्य, पुराणें, व्याकरण हीं वर्ज्य नाहींत, हें त्यांनीं धर्मग्रंथांतील आधार काढून मांडलें. ते बंडखोर नव्हते, कट्टर सनातनी होते. जें केलें तें शास्त्राच्या चौकटींत राहून, शास्त्राचाच हवाला देऊन केलें. अखेर लोकांचा उपसर्ग नको म्हणून त्यांनीं सह्याद्रीच्या माथ्यावरील गंगामूळच्या अरण्यांत घर बांधलें. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या नद्यांचा उगम ज्या डोंगरांत होतो त्याच डोंगरांत २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाई जन्मल्या.

मुलगी कांहीं महिन्यांची होते न होते तोंच घर मोडलें. आल्यागेल्याचें आतिथ्य करतां करतां जवळचा पैसा संपला होता. वेताच्या टोपलींत तान्ही मुलगी घालून हें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें तें पुन्हां कोठेंही स्थिर झालें नाहीं. देवळांत पुराण सांगावें, जें मिळेल त्यावर निर्वाह करावा, आणि पुढच्या तीर्थाची वाट धरावी. रमाबाईंचें शिक्षण झालें तें या वाटेवर. शास्त्रीबोवा आतां वृद्ध झाले होते. तेव्हां मुलीला शिकविण्याचें काम लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतलें. दिवस उजाडण्यापूर्वीं आई मुलीला उठवी आणि घरकामाला लागण्याआधीं पाठ देई. पंधरा-सोळा वर्षांच्या वयांत रमाबाईंना भागवताचे १८,००० श्लोक मुखोद्गत झाले होते. थोरल्या मुलीचा बालपणीं केलेला विवाह सुखाचा झाला नाहीं, हें पाहून धाकटीला लहानपणींच परघरीं देण्याचें बापानें टाळलें. लोकांनीं त्यासाठीं जीं दूषणें दिलीं तीं त्यांनीं मुकाट्यानें ऐकून घेतलीं.

या बापाला दोष नव्हते असें नाहीं. मुलांना त्यांनीं जगाच्या व्यवहारापासून इतकें दूर ठेविलें कीं पोथीवांचून उपजीविकेचें दुसरें साधन त्यांच्या हातीं राहिलें नाहीं. दक्षिणेंत दुष्काळ पडला, दान देणारे हात आंखडले, आणि अंगमेहनतीची संवय नसलेल्या, मोलमजुरीला कमी लेखणाऱ्या या घराची उपासमार झाली. १८७४ च्या सुमारास थोड्या थोड्या अंतरानें आधीं वडील, मग आई, मग थोरली बहीण अशीं तिघें गेलीं. उरलीं तीं रमाबाई आणि त्यांचे बंधु श्रीनिवास. भावंडें पायीं हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं परीक्षा घेतली आणि त्या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढें पुण्यांतील आर्य महिला समाज, मुंबईंत १८८९ सालीं उघडलेलें शारदा सदन आणि केडगांवचें मुक्तिसदन हा सर्व इतिहास प्रसिद्धच आहे.

उच्च वर्णांतील हिंदु स्त्रियांच्या स्थितीविषयीं रमाबाईंनीं इंग्रजींत लिहिलेलें पुस्तक १८८७ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. तें पुस्तक त्यांनीं वडिलांना अर्पण केलें नाहीं; आईच्या स्मृतीला अर्पण केलें. प्रथमदर्शनीं यांत बापाची उपेक्षा दिसेल. परंतु त्या आईच्या हातीं पोथी कोणी दिली? अनंतशास्त्र्यांचा मुलीवरील सर्वांत खोल परिणाम मुलीला शिकविण्यानें झालेला नसून तिच्या आईला शिकविण्यानें झालेला आहे. बाप मुलांशीं कसा वागतो यापेक्षां तो मुलांच्या आईशीं कसा वागतो, यानें घर अधिक घडतें. आणि याचें याहून स्पष्ट उदाहरण आपल्या इतिहासांत सहसा मिळणार नाहीं.

दुसरें घर रत्नागिरीचें. गंगाधर रामचंद्र टिळक यांचें मूळ गांव दापोलीजवळचें चिखलगांव. शिकण्यासाठीं तेही तरुणपणीं पुण्यास आले होते. परंतु आईचा मृत्यु झाला, वडिलांचें मन संसारावरून उडालें, आणि घराचा भार कोंवळ्या वयांत खांद्यावर येऊन शिक्षण अर्ध्यावर सुटलें. ते मराठी शाळेंत शिक्षक झाले. शाळा सुटली तरी विद्या सुटली नाहीं. संस्कृत आणि गणित या दोन्ही विषयांत त्यांनीं स्वतःच्या अभ्यासानें चांगली गति मिळविली. गणित, त्रिकोणमिति आणि व्याकरण या विषयांवर मराठींत शालोपयोगी पुस्तकेंही लिहिलीं. १८६६ सालीं शिक्षणखात्यांतील असिस्टंट डेप्युटी इन्स्पेक्टर म्हणून त्यांची पुण्यास बदली झाली. थोड्याच काळांत पत्नी पार्वतीबाई वारल्या आणि दहा वर्षांच्या बाळच्या संगोपनाबरोबर त्याच्या अभ्यासाचा भारही बापावर पडला.

या बापाची शिकविण्याची तऱ्हा कशी होती याविषयीं चरित्रकारांनीं दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक अशी कीं, संस्कृत श्लोक पाठ करून म्हणून दाखविल्यास दर श्लोकामागें मुलाला एक पै मिळत असे. दुसरी अशी कीं, बाणभट्टाची कादंबरी वाचावयास हवी असा हट्ट मुलानें धरला, तेव्हां वडिलांनीं एक अवघड गणित घातलें आणि तें सुटलें तर पुस्तक मिळेल असें सांगितलें. गणित सुटलें आणि पुस्तक मिळालें. या गोष्टींत पुढें तपशिलाची थोडी भर पडली असेल. परंतु त्यांतील शिक्षक खरा आहे. एका विद्येची किल्ली त्यानें दुसऱ्या विद्येच्या पेटींत ठेविली होती. १८९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘ओरायन’ या ग्रंथांत टिळकांनीं वसंतसंपात मृगनक्षत्रांत असल्याचे वैदिक उल्लेख काढले आणि ज्योतिर्गणितानें वेदांचा काळ बसविला. त्या काळनिर्णयाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. परंतु संस्कृत आणि गणित हे दोन विषय एकाच माणसाच्या मस्तकांत एकमेकांना साहाय्य करूं लागले ते कोणत्या घरांत, याविषयीं मतभेद होण्याचें कारण नाहीं.

गंगाधरपंत ३१ ऑगस्ट १८७२ रोजीं वारले. मुलगा १६ वर्षांचा होता. मॅट्रिकची परीक्षा अवघ्या कांहीं महिन्यांवर आली होती. ती त्यानें त्याच वर्षाअखेर दिली आणि तो उत्तीर्ण झाला. तो निकाल ऐकावयास बाप उरला नव्हता. त्या शेवटच्या दुखण्यांत अंथरुणापाशीं बसून गीतेवरील ‘भाषाविवृति’ नांवाची प्राकृत टीका वाचून दाखविण्याचें काम या मुलाकडे होतें. स्वतः टिळकांनींच गीतारहस्याच्या प्रस्तावनेंत हें सांगितलें आहे. त्या वयांत गीतेचा अर्थ पुरता कळला नाहीं, तरी मनावर उमटलेला ठसा कायम राहिला, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. पुढें शिक्षेच्या काळांत, मंडालेच्या तुरुंगांत, १९१०-११ च्या हिंवाळ्यांत तो ग्रंथ लिहिला गेला आणि १९१५ सालीं छापून निघाला. आजारी बापासाठीं उघडलेल्या पोथीपासून छापील ग्रंथापर्यंत ४३ वर्षें लोटलीं होतीं.

तिसऱ्या घराची गोष्ट अधिक कठीण आहे. कारण त्या घराला विद्येचा वारसा समाजानें कधीं मिळूंच दिला नव्हता. रामजी मालोजी सकपाळ हे मंडणगड तालुक्यांतील आंबडवे गांवचे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांत जन्म. परंतु लष्करी नोकरीमुळें शिक्षणाचें दार उघडलें. पुण्याच्या लष्करी अध्यापनशाळेंत शिकून ते शिक्षक झाले आणि सुमारें १४ वर्षें लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. चौदावें अपत्य भीमराव १४ एप्रिल १८९१ रोजीं महू येथें जन्मलें. थोड्याच वर्षांत रामजी सेवानिवृत्त झाले, आधीं दापोलीस आणि मग साताऱ्यास राहिले. साताऱ्यास १८९६ सालीं पत्नी भीमाबाई वारल्या.

रामजी कबीरपंथी होते. घरांत नित्य भजन चाले, आणि रामायण-महाभारताचें वाचन मुलांकडून सक्तीनें करवून घेतलें जाई. इंग्रजी आणि भाषांतर हे विषय ते स्वतः घोटून घेत. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमाला त्यासाठीं घरांत होत्या. १९०४ सालीं हें कुटुंब मुंबईस आलें आणि परळच्या डबक चाळींत एका खोलींत राहूं लागलें. त्या गर्दींत अभ्यासाला निवांतपणा कोठून मिळणार? रामजींनीं उपाय काढला. मुलानें सायंकाळीं लवकर निजावें, बापानें जागत बसावें, आणि रात्रीं २ वाजतां मुलाला उठवून मग आपण पाठ टेकावी. नव्या पुस्तकांसाठीं पेन्शन पुरत नसे. तेव्हां हा वृद्ध सुभेदार मुंबईंतच दिलेल्या आपल्या मुलींच्या घरीं जाई. एकीपाशीं पैसे न मिळाले तर दुसरीकडून दागिना मागून आणी, तो सावकाराकडे गहाण टाकी, आणि पेन्शन हातीं आली म्हणजे सोडवून परत करी. मुलीच्या सासरीं जाऊन हात पसरणें हें आपल्याकडील बापाला मरणाहून अवघड. ती लाज रामजींनीं पुस्तकांसाठीं गिळली. त्या पुस्तकांवर मुलींच्या अंगावरील सोन्याचेंही ऋण होतें, हें विसरूं नये.

१९०७ सालीं भीमराव मॅट्रिक झाले, १९१२ सालीं बी. ए. झाले. १९१३ च्या जानेवारींत ते बडोदें संस्थानच्या नोकरींत रुजू झाले, आणि थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार गेली. मुलगा निघाला. वाटेंत सुरतेच्या स्टेशनावर वडिलांसाठीं मिठाई घेण्यास उतरला आणि गाडी चुकली, असें चरित्रकार सांगतात. तो पोंचला तेव्हां बापाच्या अंगांत फक्त मुलाच्या पाठीवरून हात फिरविण्याइतकें त्राण उरलें होतें. २ फेब्रुवारी १९१३ रोजीं रामजी वारले. त्याच वर्षीं मुलगा कोलंबिया विद्यापीठांत शिकण्यास अमेरिकेस गेला. पुढें १९२३ सालीं रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ लंडनमध्यें प्रसिद्ध झाला. तो त्यांनीं आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आहे.

येथवर तिन्ही घरांची कथा एकसारखी दिसते. परंतु खरा प्रश्न यापुढें आहे. या मुलांनीं बापांचा मार्ग पुढें चालविला काय? अनंतशास्त्री कट्टर वैदिक धर्माभिमानी; मुलीनें १८८३ सालीं इंग्लंडांत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. रामजी कबीरपंथी आणि रामायण-महाभारताचे भक्त. मुलानें १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. गंगाधरपंतांनीं जन्मभर सरकारी शिक्षणखात्यांत इमानानें नोकरी केली. मुलगा त्याच सरकारचा राजद्रोही ठरून मंडालेस गेला. इतकेंच नव्हे, तर हीं अपत्यें एकमेकांच्याही विरुद्ध उभीं राहिलीं. रमाबाईंच्या शारदा सदनावर टिळकांच्या केसरीनें कठोर टीका केली. टिळकांचे चिरंजीव श्रीधरपंत मात्र १९२८ सालीं बाबासाहेबांच्या समाज समता संघाची शाखा पुण्यास गायकवाड वाड्यांत, म्हणजे लोकमान्यांच्याच घरांत, उघडून बसले. त्याच वर्षीं त्यांचा अकालीं अंत झाला. परंतु टिळकांचा हट्ट टिळकांच्या मताविरुद्ध उभा राहूं शकतो, हें तेवढ्यांत दिसून आलें.

तेव्हां वारसा म्हणजे मतांचा वारसा असें मानलें तर हे तिन्ही बाप हरले असेंच म्हणावें लागेल. पण बाबासाहेबांनीं १९५६ सालीं, आयुष्याच्या अगदीं शेवटीं, ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ या आपल्या ग्रंथासाठीं लिहिलेल्या एका प्रस्तावनेंत जी आठवण नोंदविली आहे ती या ठिकाणीं पाहण्यासारखी आहे. तरुण वयांत कृष्णराव अर्जुन केळुसकरांनीं त्यांना आपलें बुद्धचरित्र भेट दिलें. तें वाचून मुलानें बापाला खडसावून विचारलें कीं ज्या ग्रंथांत ब्राह्मणक्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हेटाळणी आहे ते ग्रंथ आम्हांला कां वाचावयास लावतां? बापाला प्रश्न आवडला नाहीं, पण त्यानें मुलाला गप्प बसविलें नाहीं. आपण अस्पृश्य, तेव्हां मुलांच्या मनांत कमीपणाची भावना घर करण्याचा धोका आहे, द्रोण आणि कर्ण हे सामान्य स्थितींतून किती वर चढले, वाल्मीकि कोळी असून कवि कसा झाला, हें वाचलें म्हणजे ती भावना जाते, अशा आशयाचें उत्तर त्यानें दिलें. मुलाचें त्या उत्तरानें समाधान झालें नाहीं. तरीही त्यांत कांहीं तथ्य आहे, हें मुलानें त्याच ठिकाणीं मान्य केलें आहे. बापाच्या मृत्यूनंतर ४३ वर्षांनीं, बापाचा धर्म सोडण्याच्या उंबरठ्यावर उभें असतां, मुलगा बापाशीं झालेला तो वाद आदरानें लिहून ठेवतो. गीतारहस्यालाही ४३ वर्षेंच लागलीं होतीं. हा निव्वळ योगायोग. परंतु घरांत रुजलेलें बीं किती काळ जमिनीखालीं राहूं शकतें, याची त्यावरून कल्पना येते.

या बापांनीं मुलांना काय दिलें याचें उत्तर बहुधा या संवादांतच आहे. आपलीं मतें त्यांनीं मुलांपुढें ठेविलीं, कांहीं वेळां लादलींही. परंतु त्याबरोबर तीं मतें पारखून घेण्याचें साधनही दिलें. मूळ ग्रंथ वाचावा, आधार काढावा, आणि विरोधकांच्या सभेंत उभें राहून तो मांडावा, ही रीत अनंतशास्त्र्यांनीं उडुपीस दाखविली होती. रमाबाईंनीं पुढें हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठींत आणलें तें बापाचा धर्म सोडल्यावर, पण बापाचीच रीत धरून. बाबासाहेबांना शाळेंत संस्कृत घेण्यास मनाई झाली, फारसी घ्यावी लागली. त्यांनीं संस्कृत पुढें स्वतःच्या कष्टानें मिळविलें आणि धर्मग्रंथांना त्यांच्याच वचनांनीं प्रश्न विचारले. टिळकांनीं गीतेवरच्या जुन्या टीका बाजूस सारून मूळ गीता पुन्हां पुन्हां वाचली आणि तींतून संन्यासाऐवजीं कर्मयोग काढला. तिघांचे निष्कर्ष निराळे, पण पुस्तकाशीं असलेलें नातें एकाच जातीचें. आणि तें घरांत, शाळेच्याही आधीं जडलेलें.

अशा बापांची थोरवी सांगतांना तिला देवत्व देण्याचें कारण नाहीं. एकानें नऊ वर्षांच्या मुलीशीं विवाह केला आणि पुढें मुलांना व्यवहारशून्य ठेविलें. दुसऱ्याच्या घरीं पाठांतराचा काच होता. तिसऱ्याची शिस्त कडक होती. थोर माणसांचे बाप म्हणून ते जन्मले नव्हते. आपलें मूल थोर होणार आहे हें त्यांना ठाऊकही नव्हतें. ठाऊक असतें तर रात्रीं २ वाजेपर्यंत जागणें सोपें गेलें असतें. उद्यांचा कसलाही भरंवसा नसतांना ते जागले, यांत त्यांचें मोल आहे.

शास्त्रानें पितृऋण संततीनें फेडावें असें म्हटलें आहे. म्हणजे तें ज्याचें त्याला कधीं परत करावयाचें नसतें, पुढच्याला द्यावयाचें असतें. सावकाराकडून दागिना सोडवून रामजी तो ज्या मुलीचा तिला नेऊन देत. पुस्तकाचें मात्र तसें नव्हतें. तें मुलापाशीं राहिलें, मुलाकडून दुसऱ्या हजारों मुलांपाशीं गेलें, आणि १९४५ सालीं स्थापन झालेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयांतून आजही तें पुढें जात आहे.